जुन्या व्हॅनखाली नवी चॅसी: मापं, साहित्य, बांधणी

रुळावरचा (धागाकर्ता)

४ मि.मी. स्केलमधल्या ब्रिटिश मालगाडीच्या जुन्या मॉडेल व्हॅन, म्हणजे बंद डबे, ज्यांच्याकडे पडून आहेत त्यांच्यासाठी हा धागा. या व्हॅनची वरची पेटी बहुधा फार छान असते. फळ्यांच्या खाचा बारीक, दाराच्या बिजागऱ्या ठसठशीत, छपराचा बाक अचूक. डबा उलटा केला की मात्र मन खट्टू होतं. एकाच साच्यातली चॅसी, म्हणजे पेटीखालचा सांगाडा, वेगवेगळ्या डब्यांखाली ठोकलेली, चाकांमधलं अंतर भलतंच, ब्रेकचे ठोकळे चाकाच्या रेषेतही नाहीत. अशी पेटी टाकून देणं जिवावर येतं, आणि टाकायची गरजही नाही. चॅसी नवी बांधता येते. जुन्या डब्यावर जो काही वेळ घालवायचा तो आधी तिथेच घालवावा, असं माझं ठाम मत आहे. रंग आणि अक्षरं नंतर कधीही सुधारता येतात. वाकडा चालणारा डबा कितीही सुंदर रंगवला तरी गाडीत लावता येत नाही.

आधी मापं बघू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. आपलं प्रमाण १:७६.२, म्हणजे खऱ्या डब्याचा १ फूट आपल्याकडे ४ मि.मी. दोन महायुद्धांच्या मधल्या आणि नंतरच्या बहुतेक व्हॅन एका हेडस्टॉकपासून (टोकाच्या आडव्या तुळईपासून) दुसऱ्यापर्यंत १७ फूट ६ इंच, म्हणजे ७० मि.मी. व्हीलबेस, म्हणजे दोन अ‍ॅक्सलच्या (चाकांच्या आसांच्या) मधलं अंतर, ९ किंवा १० फूट, म्हणजे ३६ किंवा ४० मि.मी. चाकाचा व्यास ३ फूट दीड इंच, आपल्याकडे १२.५ मि.मी. बफरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून ३ फूट साडेपाच इंचांवर, म्हणजे १३.८ मि.मी. दोन बफरच्या मध्यांत ५ फूट साडेआठ इंच, म्हणजे २२.८ मि.मी.

यातून एक फार उपयोगी आकडा निघतो. चाकाची त्रिज्या ६.२५, बफरची उंची १३.८; तेव्हा अ‍ॅक्सलच्या मध्यापासून बफरच्या मध्यापर्यंतची उभी उंची साधारण ७.६ मि.मी. हे एक माप सांभाळलं की डबा आपोआप योग्य उंचीवर बसतो. प्रवासी डब्यांची १४ मि.मी. चाकं घातली तर अख्खी व्हॅन पाऊण मिलिमीटर वर जाते. ऐकायला थोडं वाटतं, पण शेजारी दुसरा डबा जोडला की बफरच्या रेषेत लगेच दिसतं.

कामाचा क्रमही सांगून ठेवतो. चॅसीची फरशी हा पाया. सगळी मापं तिच्यापासून घ्यायची. मग डब्ल्यू-आयर्न (अ‍ॅक्सलची टोकं धरणारे W आकाराचे पत्रे), बेअरिंग आणि चाकं. नुसत्या फरशीवर चाकं बसवून ती रुळावर नीट पळाली, तरच सोलबार (बाजूच्या लांब तुळया), अ‍ॅक्सलबॉक्स (अ‍ॅक्सलच्या टोकांवरच्या पेट्या), पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि बफर. ब्रेक सगळ्यात शेवटी.

आपापल्या पद्धती लिहा. ज्यांना शंका आहेत त्यांनी विचारा.

नवा_गडी

अगदी वेळेवर धागा काढलात. माझ्याकडे ओतीव धातूच्या चॅसीवरच्या दोन जुन्या व्हॅन आहेत. दोघींच्या चॅसीला जाळीसारखे तडे गेलेत आणि एक तर मधोमध वर उचलली गेली आहे, त्यामुळे चारपैकी तीनच चाकं रुळाला टेकतात. हे दुरुस्त होईल का? आणि नवी बांधायची तर पहिल्या खेपेला प्लास्टिक घ्यावं की पितळ?

पितळी_पत्रा

नवा_गडी, ती दुरुस्त होणार नाही, त्यात वेळ घालवू नका. हा जस्ताच्या मिश्रधातूचा रोग आहे. ओतकामाच्या वेळी जस्तात शिसं, कॅडमियम किंवा कथील यांचा अंश राहिला की तो धातूच्या कणांच्या सीमांवर साचतो आणि दमट हवेत तिथून गंज आत शिरत जातो. धातू फुगतो, लांबतो, वाकतो, शेवटी भुगा होतो. याच कारणासाठी १९२९ साली अमेरिकेत न्यू जर्सी झिंक कंपनीने अतिशुद्ध जस्तावर आधारलेले झमाक मिश्रधातू आणले. पण शुद्धता कारखान्यात पाळली गेली नाही तर नाव काहीही असो, रोग होतोच. तो एका डब्यातून दुसऱ्यात पसरत नाही, तेव्हा शेजारच्या डब्यांची काळजी नको. घाई मात्र एका बाबतीत करा: चॅसी पेटीला घट्ट बसवलेली असेल तर ताबडतोब सोडवा. धातू फुगत असताना तो प्लास्टिकच्या पेटीची टोकं फाडतो.

काढलेल्या चॅसीवरून मापं घेऊ नका. ती वाढलेली असते. मापं खऱ्या डब्याच्या आराखड्यावरून किंवा पेटीच्या आतल्या बाजूने घ्या.

साहित्याचं म्हणाल तर मी पितळवाला. कोरीव (रसायनाने कोरून काढलेल्या) पत्र्याचे डब्ल्यू-आयर्न बारीक दिसतात आणि ताकदही टिकते. खऱ्या डब्यावर ते जाड पोलादी पत्र्याचेच असतात, आणि प्लास्टिकमध्ये तेवढी बारीक जाडी साधायला गेलं की ते चाकाच्या भाराने फाकतात. पण पहिलीच चॅसी असेल तर प्लास्टिकने सुरुवात करा. डाग देताना (सोल्डर करताना) हात बसायला थोडा सराव लागतो.

रुळावरचा

प्लास्टिकची रीत मी सांगतो.

फरशीला १ मि.मी. पॉलिस्टायरीनचा पत्रा. दोन थर चिकटवून जाडी करायची असेल तर एका थराला आधी जागोजागी भोकं पाडा, नाहीतर द्रावक मधे अडकतो आणि पुढचे अनेक महिने फरशी हळूहळू वाकत राहते. कापल्यावर चारही कोपरे गुण्याला लावून बघा. इथे अर्धा मिलिमीटर तिरका गेला तर पुढे ते सुधारायला जागा नाही.

फरशीच्या खालच्या बाजूला मधली रेघ आणि दोन अ‍ॅक्सलच्या रेघा धारदार टोकाने कोरून घ्या. पेन्सिलची रेघ अर्ध्या मिलिमीटरची जाडी खाते आणि द्रावक लागला की पुसलीही जाते. मग डब्ल्यू-आयर्नमध्ये २ मि.मी. भोक करून पितळी बेअरिंग बसवा. भोक एकदम ड्रिलने पाडू नका. थोडं लहान ठेवून हाताच्या रीमरने वाढवत न्या. बेअरिंगच्या मागचं टोक पुढे अ‍ॅक्सलबॉक्सला अडणार असेल तर ते आताच कानसून टाका.

पहिली बाजू चिकटवून पूर्ण वाळू द्यायची. दुसरी बाजू चिकटवताना चाकं जागेवर असली पाहिजेत. टोकदार अ‍ॅक्सल २६ मि.मी. लांबीचे येतात. ते दोन बेअरिंगांत अलगद फिरले पाहिजेत आणि बोटाने हलवल्यावर आडवा झोल जेमतेम जाणवला पाहिजे. झोल शून्य असेल तर चाक जड फिरतं, जास्त असेल तर डबा रुळावर डोलतो. द्रावक ओला असतानाच डबा जाड काचेवर ठेवा, वर थोडं वजन द्या आणि चारही चाकं काचेला टेकतात का बघा. मग दोन्ही बाजूंचं अ‍ॅक्सल ते अ‍ॅक्सल अंतर कॅलिपरने मोजा. एका बाजूला ४० आणि दुसऱ्या बाजूला ३९.५ आलं तर अ‍ॅक्सल जवळजवळ एक अंशाने तिरके आहेत. असा डबा सरळ रुळावरही एका रुळाला घासत जातो, आणि पाच-सहा असे डबे जोडले की इंजिनाची दमछाक होते.

द्रावकाबद्दल: डायक्लोरोमिथेन आणि ब्युटानोन झटपट धरतात, पण दोन्हींची वाफ घातक आहे, खिडकी उघडी ठेवूनच वापरा. लिमोनीन सौम्य आहे, सावकाश वाळतं आणि जुळवाजुळव करायला वेळ देतं. काचेवर चाकं टेकवण्याच्या या कामाला मला तेच आवडतं. ते फक्त पॉलिस्टायरीनवर चालतं. काही तयार चॅसी अ‍ॅसेटलच्या असतात, त्यांना यापैकी काहीच चिकटत नाही. त्या स्क्रूनेच बसवाव्या लागतात.

पार्कसाइड आणि रेशिओचे प्लास्टिक किट ज्यांनी बांधले आहेत त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. तिथे भाग तयार मिळतात, गुण्यात बसवायची जबाबदारी आपलीच.

१८_८३

रुळावरचा, पद्धत सुंदर सांगितलीत. पण तुमच्या चॅसीत एक गोष्ट गृहीत आहे: रूळ काचेइतका सपाट असणार. तो तसा नसतो. चार चाकांची ताठ चॅसी फक्त सपाट पृष्ठभागावरच चारही पायांवर उभी राहते. रुळाचा एक सांधा जरा खाली गेला की एक चाक अधांतरी.

उपाय दोन. पहिला, तीन बिंदूंचा आधार. एका बाजूचा अ‍ॅक्सल ताठ ठेवायचा आणि दुसऱ्याचे डब्ल्यू-आयर्न एका वेगळ्या पाळण्यात बसवून तो डब्याच्या मधोमध, लांबीच्या दिशेने बसवलेल्या तारेवर झुलू द्यायचा. तिपाई कुठल्याही जमिनीवर डगमगत नाही, तेच तत्त्व. एमजेटी या ब्रँडचे कोरीव पाळणे बरीच वर्षं याच कामासाठी वापरले जातात. दुसरा उपाय खरी स्प्रिंग. प्रत्येक बेअरिंग स्वतंत्रपणे वरखाली सरकतं आणि त्याच्यावर बारीक पोलादी तार टेकते. बिल बेडफर्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे डब्ल्यू-आयर्न या जातीचे.

स्प्रिंगच्या तारेची निवड नीट करा. ०.२५ ते ०.३ मि.मी. तार चालते, पण या दोन्हींत फरक मोठा आहे. तारेचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातावर वाढतो, ०.२५ ऐवजी ०.३ घेतली तर स्प्रिंग दुप्पट कडक होते. वजन भरलेला डबा तारेवर साधारण अर्धा मिलिमीटर खाली बसावा. अजिबात बसत नसेल तर ती स्प्रिंग नुसती दिसायला आहे.

शंटर

मी ओओ गेजवर (रुळांमधलं अंतर १६.५ मि.मी.) लांब मालगाड्या चालवतो आणि माझं मत वेगळं आहे. आरपी-२५ कोड ११० या प्रमाणित आकाराच्या चाकाचा फ्लँज, म्हणजे रुळाच्या आत उतरणारी कड, साधारण ०.६ मि.मी. खोल असतो. घरच्या रुळात एवढा खळगा असेल तर दोष रुळाचा आहे, तो रुळातच काढावा. ताठ चॅसी, चारही चाकं काचेवर टेकलेली, अ‍ॅक्सलमागे २५ ग्रॅम वजन म्हणजे व्हॅनला एकूण ५०: इतकं पाळलं की डबे मागे ढकलतानाही पडत नाहीत. तीस डब्यांच्या गाडीला तीस पाळणे बांधत बसलं तर गाडी कधी पूर्ण व्हायची?

एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेचा एचओसाठीचा (१:८७ प्रमाणासाठीचा) हिशोब थोडा जड आहे: १ औंस अधिक दर इंच लांबीला अर्धा औंस. ७० मि.मी.च्या डब्याला तो ६७ ग्रॅमच्या आसपास येतो. मी ५० वरच थांबतो, कारण चढावर इंजिनाला सगळे डबे ओढायचे असतात.

१८_८३

ओओच्या चाकांसाठी तुमचं म्हणणं मान्य. माझं गेज पी४. खऱ्या रुळांमधलं १४३५ मि.मी. अंतर ७६.२ ने भागलं की १८.८३ येतात, आणि चाकाचा फ्लँजही त्याच प्रमाणात बारीक. तिथे ताठ चॅसी चालत नाही. ओओ आणि पी४ यांच्या मधल्या मापाचं ईएम गेज वापरणाऱ्यांत दोन्ही प्रकार सापडतात.

तरी एक फायदा ओओलाही आहे. स्प्रिंगवरचा डबा सांध्यावरून जाताना खडखडत नाही, तो वजनदार असल्यासारखा चालतो. हे मोजता येत नाही, पण शेजारी शेजारी चालवून पाहिलं की डोळ्याला कळतं. तीस डबे नकोत, एखादा बांधून बघा.

ब्रेकव्हॅन

चर्चा चाकांवर रंगली आहे, म्हणून मी खऱ्या डब्यांकडे वळतो. कोणत्या पेटीखाली कोणती चॅसी हे न ठरवता बांधायला घेतलं तर एका चुकीच्या चॅसीच्या जागी दुसरी चुकीची येईल.

पहिला प्रश्न व्हीलबेसचा. निर्वात (व्हॅक्यूम) ब्रेक लावलेल्या जलद मालगाड्यांसाठी १० फुटी व्हीलबेस रूढ झाला. साध्या हातब्रेकच्या डब्यांत ९ फूट बराच काळ टिकला. पण याला मोठा अपवाद ब्रिटनची सदर्न रेल्वे. तिच्या १७ फूट ६ इंची, अर्धलंबवर्तुळाकार छपराच्या व्हॅन ९ फुटी व्हीलबेसवरच होत्या, निर्वात ब्रेकच्या सुद्धा. त्या छपराची पेटी ४० मि.मी. चॅसीवर बसवलेली दिसली की माझी नजर तिथेच अडकते. चाकं टोकांच्या फार जवळ जातात आणि डब्याचा सगळा डौल बिघडतो. ब्रिटिश रेल्वेच्या १२ टनी प्रमाणित व्हॅनला मात्र १० फूटच.

दुसरा प्रश्न ब्रेकचा. हातब्रेकचा दांडा डब्याच्या दोन्ही बाजूंना हवा, आणि डब्याकडे तोंड करून उभं राहिलं तर दोन्ही बाजूंना तो उजव्या टोकाकडे. आता वरून नकाशा काढून बघा: एका बाजूचा उजवा म्हणजे दुसऱ्या बाजूचा डावा. दोन्ही दांडे खाली दाबले तर मधला आडवा दांडा दोन विरुद्ध दिशांना फिरेल. म्हणून मॉर्टन या हातब्रेकच्या पद्धतीत एका बाजूला दिशा उलटवणारा क्लच असतो, लहानशा कॅमसारखा. मॉडेलवर तो एखादा मिलिमीटर भरतो, पण लावला की डब्याच्या दोन बाजू वेगळ्या दिसतात, आणि तेच खरं आहे. बऱ्याच साध्या मॉर्टन डब्यांना ब्रेकचे ठोकळे एकाच बाजूला, दोनच असत. दोन्ही बाजू सारख्या बांधू नका.

निर्वात ब्रेकच्या व्हॅनला फरशीखाली सिलिंडर, टोकांना नळ्या, आणि ठोकळे चार किंवा चिमटा पद्धतीचे आठ, म्हणजे प्रत्येक चाकाला दोन्हीकडून. आठ ठोकळ्यांची चॅसी खालून भरगच्च दिसते. ग्रेट वेस्टर्नच्या बऱ्याच डब्यांवर डीन-चर्चवर्ड ब्रेक होता, त्याचा आखूड दांडा डब्याच्या टोकाशी. ग्रेट वेस्टर्नच्या पेटीखाली लांब मॉर्टन दांडा लावण्याआधी त्या विशिष्ट डब्याचं छायाचित्र शोधा. ब्रिटिश रेल्वेच्या काळातला डबा असेल तर रंगावरूनही अंदाज येतो: निर्वात ब्रेकचा डबा तांबूस बॉक्साइट, साधा डबा करडा.

आणि ओओवाल्यांसाठी खास. किटमधले ब्रेकचे ठोकळे खऱ्या गेजच्या रेषेत असतील तर ते ओओच्या चाकांच्या बाहेर पडतात. १८.८३ वजा १६.५, भागिले दोन: प्रत्येक बाजूला जवळजवळ १.२ मि.मी. तेवढे आत सरकवा. बाजूने बघताना फरक कळत नाही, पण टोकाकडून जरा खाली वाकून पाहिलं की ठोकळा चाकासमोर हवा तिथे दिसतो.

नवा_गडी

ब्रेकव्हॅन, हा प्रतिसाद मी छापून भिंतीला लावतोय. माझ्या दोनपैकी एक व्हॅन नेमकी सदर्नचीच आहे, तिला ३६ मि.मी. करतो.

पहिली प्लास्टिकची झाली, छान पळते. मग हुरूप येऊन दुसरी कोरीव पितळेची बांधली. ती मात्र रुळावर ठेवताच रुळाला वीज देणारा कंट्रोलर बंद पडतो. उचलली की पुन्हा सुरू. चाकं तर एका बाजूने विजेपासून विलग केलेलीच आहेत.

पितळी_पत्रा

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. एका बाजूने विलग केलेल्या चाकात दुसरं चाक अ‍ॅक्सलला विजेने जोडलेलं असतं. अ‍ॅक्सल पितळी बेअरिंगला, बेअरिंग पितळी चॅसीला. एक अ‍ॅक्सल एका तोंडाने आणि दुसरा उलट्या तोंडाने बसला की एका रुळाची वीज पहिल्या अ‍ॅक्सलमधून चॅसीत येते आणि दुसऱ्यामधून पलीकडच्या रुळात जाते. प्लास्टिकच्या चॅसीत हे कधी जाणवत नाही. एक अ‍ॅक्सल काढून फिरवून बसवा. विलग केलेली दोन्ही चाकं एकाच बाजूला आली पाहिजेत.

तरीही बंद पडत असेल तर ब्रेकचे ठोकळे बघा. पितळी ठोकळा चाकाच्या धावेला टेकला की तोच मार्ग तयार होतो. प्लास्टिकच्या आऱ्यांची, दोन्हीकडून विलग चाकं वापरली तरी हा धोका राहतो, कारण धाव धातूचीच असते. ठोकळे आणि चाक यांच्यात अर्धा मिलिमीटर फट ठेवा. स्प्रिंगवाल्या डब्यात चाक वरखाली होतं, तिथे थोडी जास्त.

दोन्ही चाकांमधलं अंतर मोजायलाही विसरू नका. आतल्या कडा ओओला १४.५ मि.मी., ईएमला १६.५. त्यासाठी मिळणारा धातूचा ठोकळा चाकांमध्ये सरकवून तपासायचं.

पितळेवर काम करणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द: अर्धी कोरलेली घडीची रेघ घडीच्या आतल्या बाजूला येते. घडी घातल्यावर त्या कोपऱ्यात सोल्डरची बारीक धार फिरवा, नाहीतर तो कोपरा कमजोर राहतो. मुख्य घड्यांना १८८ अंशांचं सोल्डर, नंतरच्या बारीक भागांना १४५ चं, म्हणजे आधीचे सांधे सुटत नाहीत. पांढऱ्या धातूचे अ‍ॅक्सलबॉक्स लावायचे असतील तर ७० अंशांचं. फॉस्फोरिक आम्लाचा फ्लक्स (सोल्डर धरण्यासाठी लावायचा द्रव) त्याच दिवशी धुऊन टाका. राहिला तर रंगाखालून हिरवट बाहेर येतो आणि बेअरिंगही खातो.

रेझिनप्रेमी

छापील चॅसीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. रेझिन प्रिंटरवर ०.०५ मि.मी. थरांत सोलबारवरचे रिव्हेट, पाट्यांची एकेक पट्टी, अ‍ॅक्सलबॉक्सवरची अक्षरं असं सगळं उमटतं. बाजारात न मिळणारी चॅसी हवी असेल तर मला हाच रस्ता सगळ्यात मोकळा वाटतो. एकदा संगणकावर काढली की व्हीलबेस बदलणं हे आकडा बदलण्याइतकं सोपं.

पण अख्खी चॅसी रेझिनची करू नका. बारीक डब्ल्यू-आयर्न ठिसूळ निघतात, चाक बसवताना फाकवले की तडकतात. मी फरशी, सोलबार, हेडस्टॉक आणि पाटे एकत्र छापतो आणि कोरीव धातूचे डब्ल्यू-आयर्न बसवायला खाली खाचा ठेवतो. खाचांमुळे अ‍ॅक्सलचं अंतर आणि समांतरपणा आपोआप येतो, म्हणजे रुळावरचा यांची काचेची परीक्षा फक्त खात्री करून घेण्यापुरती उरते.

छापताना भाग आडवा झोपवू नका, तिरका ठेवा आणि आधाराचे खांब न दिसणाऱ्या बाजूला द्या. अतिनील प्रकाशात पक्कं करताना लांब सोलबार वाकतात. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण कोरडं होऊ द्या, मग दोन्ही बाजूंना सारखा वेळ प्रकाश द्या. पक्कं न झालेलं रेझिन त्वचेला लागू देऊ नका, हातमोजे घालाच. सगळं झाल्यावर भाग मोजा, रेझिन थोडं आकसतं. ७० मि.मी. लांबीत पाव मिलिमीटर गेला तर संगणकावरच तेवढं वाढवून पुन्हा छापा. कानस लावून लांबी वाढत नाही.

शंटर

कपलिंगचं (डबे जोडणाऱ्या आकड्याचं) राहिलंय. चॅसी नवी केलीत की जुनं कपलिंग परत लावण्यापेक्षा एनईएम ३६२ या युरोपीय प्रमाणाच्या मापाची खोबणी बसवून घ्या, मग कपलिंगचा प्रकार कधीही बदलता येतो. उंचीचं माप तयार ठेवा आणि प्रत्येक डबा त्याच्याशीच जुळवा. दोन डबे एकमेकांशी जुळवत बसलं तर प्रत्येक जोडीला नवी उंची येते.

साखळीचं कपलिंग लावणाऱ्यांनी वळणाचा हिशोब करून बघावा. ७० मि.मी. लांब, ४० मि.मी. व्हीलबेसचा डबा ४३८ मि.मी. त्रिज्येच्या वळणावर उभा केला तर हेडस्टॉकचा मध्य रुळाच्या मध्यापासून साधारण ०.९४ मि.मी. बाहेर जातो. ३६ मि.मी. व्हीलबेस असेल तर १.०३. एकाच वळणावर दोन्ही डब्यांची टोकं एकाच बाजूला जातात, त्यामुळे काही बिघडत नाही. पण एका वळणातून लगेच उलट्या वळणात शिरताना ती विरुद्ध दिशांना जातात आणि बफर एकमेकांवरून दोन मिलिमीटर सरकतात. मागे ढकलताना इथेच बफर अडकतात. दोन वळणांच्या मधे निदान एका डब्याच्या लांबीचा सरळ तुकडा टाका, किंवा स्प्रिंगचे बफर लावा. चॅसी कितीही अचूक असली तरी हा भाग रुळाचा आहे.

१८_८३

शंटर यांच्या आकड्यात एक भर: म्हणूनच बफरची डोकी योग्य व्यासाची घ्यावीत. लहान डोक्याचे बफर स्वस्तात मिळतात म्हणून लावले तर उलट वळणावर ते लवकर निसटतात.

नवा_गडी

अ‍ॅक्सल फिरवला, कंट्रोलर बंद पडायचा थांबला. पितळी_पत्रा, मनापासून आभार. शेवटचा प्रश्न: पेटी चॅसीवर चिकटवू का? आणि शिशाचे छर्रे पेटीत भरून पांढऱ्या डिंकाने बसवायचा विचार आहे, चालेल ना?

रुळावरचा (धागाकर्ता)

दोन्हींना नको म्हणतो.

पांढरा डिंक, म्हणजे पीव्हीए, शिशाबरोबर कधीही वापरू नका. त्यातून सुटणारं अ‍ॅसेटिक आम्ल शिशावर काम करतं, शिशाचं पांढरं कार्बोनेट तयार होतं आणि ते मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतं. सुरुवातीला काहीच दिसत नाही. काही वर्षांनी पेटीच्या भिंती बाहेर फुगतात आणि सांधे उसवतात. इंजिनांचे बॉयलरसुद्धा असे फुटलेले आहेत. शिशाचा पत्रा कापून तो इपॉक्सीने बसवा, किंवा शिसं टाळून पोलादी नट वापरा. शिसं हाताळल्यावर हात धुवा. वजन फरशीच्या जवळ आणि दोन अ‍ॅक्सलच्या मधे ठेवा. छपराजवळ गेलं की डबा वळणावर झुकतो. ५० ग्रॅममध्ये पेटी, चाकं, कपलिंग सगळं धरायचं, म्हणून आधी अख्खा डबा तराजूवर ठेवून किती कमी पडतंय ते बघा.

पेटी चिकटवू नका. पेटीच्या आत दोन टोकांना प्लास्टिकचे आडवे तुकडे चिकटवा, त्यांच्यावर नट इपॉक्सीने बसवा आणि फरशीतून खालून दोन बारीक स्क्रू घाला. फरशीतली भोकं स्क्रूपेक्षा थोडी मोठी ठेवलीत तर पेटी मधोमध सरकवून घेता येते. स्क्रू इतकेच आवळा की पेटी हलणार नाही. जास्त पिळले तर फरशी वाकते आणि काचेवर टेकलेलं एक चाक पुन्हा उचललं जातं. आवळल्यावर डबा परत काचेवर ठेवून बघा.

सदर्नच्या व्हॅनला सुरुवात कराल तेव्हा अ‍ॅक्सलच्या रेघा फरशीच्या मध्यापासून दोन्हीकडे १८-१८ मि.मी.वर मारा, टोकापासून मोजू नका. जुन्या पेट्या अनेकदा ७० पेक्षा जराशा आखूड किंवा लांब असतात, आणि टोकापासून मोजलं तर तो फरक एकाच बाजूला साचतो. फोटो इथेच टाका, ब्रेकव्हॅन दांड्याची बाजू तपासून देतील.